एक जूनची माणसं

सोमवार, ७ जुलै २०२५

आज बासष्टावा अहवाल दिला. वासंतीबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "शकीलाबाई, तुमच्या लिहिण्यात चूक सापडत नाही. शोधण्यात माझा उगाच वेळ जातो." सदाशिव पेठेत याला शाबासकी म्हणतात हे कळायला मला एक वर्ष लागलं होतं.

वासंतीबाई बाळ वकील आहेत. माझ्या मिसबाचे अब्बा तीस वर्षं त्यांच्या फायली बांधत होते. ते गेल्यावर, चाळिसावा दिवस झाल्यानंतर, घरात पडून राहिलेल्या सात फायली मी स्वतः शिवल्या आणि नेऊन दिल्या. एका फायलीत दोन पानं भलत्याच खटल्याची होती, ती काढून वर ठेवली होती. "हे कुणी ओळखलं?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "मी. शिवायच्या आधी पान वाचावं लागतं." आठवड्याने त्यांचा फोन आला, "फावल्या वेळात कचेऱ्यांत जाल का?" त्याला आता चार वर्षं होतील.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन सगळं बांधायला आलेल्या कागदांवर झालं, मध्येच सुरू होणारं आणि मध्येच संपणारं. आता मी सरकारी कागद वाचते. कुणाला माणूस कामावर ठेवायचा असतो, कुणाला घर भाड्याने द्यायचं असतं. कोर्टाचे निकाल, मतदारयादी, शाळेची रजिस्टरं, जागेच्या नोंदी, जे जे बघायची परवानगी आहे ते बघायचं आणि सापडेल ते लिहून द्यायचं. माणूस चांगला की वाईट हे मी लिहीत नाही.

आजचा अहवाल कोथरूडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी होता. तिथे राहून काम करणारी बाई हवी आहे, दारावर लक्ष ठेवायला. प्रेमला रंगराव शेवाळे, राहणार हडपसर, असा अर्ज आला होता. कोर्टाच्या साइटवर नाव घातलं आणि निकालच समोर आला. २०१७ साल, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी कामाला असताना बांगड्या चोरल्या, शिक्षा. नाव तेच, जन्मतारीख तीच, राहणार हडपसर. तीन गोष्टी जुळल्या की माणूस जुळला, हा माझा नियम आहे. वसतिगृहात चौऱ्याऐंशी मुली राहतात. वेळेत सापडलं म्हणायचं.

आज जेवण गोड लागलं. मिसबाचे अब्बा असते तर त्यांना सांगितलं असतं. ते म्हणाले असते, "आधी भाजी वाढ."

बुधवार, १६ जुलै

मिसबाला अहवालाचं सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, तू तर फुल डिटेक्टिव्ह झालीस यार." मग माझ्या फोनवर तो निकाल बघून म्हणाली, "पण हे नाइन पेजेस आहेत. तू फर्स्टच डाउनलोड केलंयस."

मी म्हणाले, शिक्षा झाली ते साइटवर वरच लिहिलेलं असतं, पुढे वकिलांची भांडणं. ती हसली आणि हेडफोन लावून तिच्या मीटिंगला बसली. ही मुलगी हडपसरला एवढ्या मोठ्या कंपनीत काम करते आणि मला पानं मोजून दाखवते.

सोमवार, २१ जुलै

आज दुपारी ऑफिसचं दार ढकलून एक बाई आत आली. पन्नाशीची, काटक, पदर खोचलेला. उभ्यानेच म्हणाली, "शेवाळेबाईचा कागद कुनी लिवला?"

"आधी बसा," वासंतीबाई म्हणाल्या. "कोण शेवाळे?"

"प्रेमला रंगराव. म्या चोर हाय असं तुमच्या कागदावर हाय म्हनं."

"आमच्या कागदावर 'चोर' असा शब्द नसतो."

"मग कोथरूडच्या सायबांनी मनानंच काढला का?"

वासंतीबाईंना उलट उत्तर देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइल उघडली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "जन्मतारीख तुमचीच ना? एक जून एकोणीसशे पंचाहत्तर?"

"कागदावरची हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी कागदावरची. माजा जन्म भादव्यातल्या पोळ्याचा. आई सांगायची, बैलं रंगवून झाली आनि कळा लागल्या. जून मास्तरांनी घातला. समद्यांनाच घातला." मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमाला न्हाई घातला?"

मी फाइल मिटली. ती पुढं म्हणाली की वसतिगृहात खोली मिळणार होती म्हणून तिनं अर्ज केला. सध्या भावाच्या पत्र्याच्या खोलीत राहते. भाच्याचं लग्न ठरलंय, गणपतीनंतर ती खोली त्यांना लागेल. "मला कुनी इचारलं आसतं तर म्या सांगितलं आसतं," ती म्हणाली. "कुनी इचारलंच न्हाई."

आवाज चढला नव्हता. गेली तेव्हा तिनं दार सावकाश ओढून घेतलं.

मंगळवार, २२ जुलै

माझं आधार कार्ड काढून बघितलं. बघायची गरज नव्हती. एक जून एकोणीसशे एकाहत्तर. मिसबाच्या अब्बांचीही एक जूनच. शाळा जूनमध्ये भरायची, पोर दारात उभं केलं की मास्तर अंदाजाने साल धरायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. दर वर्षी बँकेच्या शुभेच्छा आम्हा दोघांना एकाच मिनिटाला यायच्या. ते म्हणायचे, "बेगम, आपण जुळे आहोत." त्यांच्या फोनवर अजून येतात. मी तो फोन चार्ज करून ठेवते.

म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ती तारीख मी खरी धरली, कारण ती दोन कागदांवर छापलेली होती.

हडपसर पूर्वी गाव होतं. एका गावात शेवाळे किती आणि प्रेमला किती, याचाही विचार केला नाही.

मिसबाकडून उरलेली आठ पानं काढून घेतली. ती एक शब्दही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. नवव्या पानावर शेवटून तिसरी ओळ अशी आहे: आरोपीचे वडील रंगराव यांनी न्यायालयात हजर राहून दिलेले जामीनपत्र रद्द करण्यात येत आहे.

वडील. प्रेमलाबाईंना फोन केला आणि विचारलं, रंगराव तुमचे कोण? "मालक," ती म्हणाली. "व्हते."

बाईच्या नावातला मधला पुरुष बाप की नवरा, हे कागद सांगत नाही. ते बाईलाच विचारावं लागतं. बासष्ट अहवाल लिहिले आणि एकदाही कुणाला फोन केला नाही.

गुरुवार, २४ जुलै

वासंतीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नववं पान वाचलं, जुना अहवाल वाचला.

"अहवालावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

"चूक माझी आहे."

"ते खरंच. पण मी दोनदा वाचते म्हणून सगळ्या पेठेला सांगत असते. मग मी काय वाचत होते?"

त्यांनी लगेच बापूरावांना फोन लावला. बापूराव म्हणजे वसतिगृहाचे कार्यवाह. आवाज मोठा ठेवला होता, मला सगळं ऐकू आलं.

"अहो वासंतीबाई, नाव तेच, तारीख तीच, गाव तेच. वडिलांचं काय घेऊन बसलात? कारकून नवऱ्याच्या जागी वडील लिहितात, मी पेन्शन ऑफिसात आयुष्य काढलंय. आता तुमच्या त्या बाईंना दया आली म्हणून..."

"दया हा विषय माझ्या ऑफिसात नाही. चार तारखेपर्यंत जागा भरू नका."

"चार तारखेनंतर मी थांबणार नाही. चौऱ्याऐंशी मुली आहेत माझ्याकडे."

फोन ठेवून बाई मला म्हणाल्या, "माणूस बरोबर बोलतोय. कारकून असं लिहितात. तेव्हा मला असा कागद आणून द्या की कारकुनाने काहीही लिहिलेलं असो, फरक पडणार नाही."

बापूरावांचा राग आला होता. घरी येताना बसमध्ये विचार केला की मिसबा त्या वसतिगृहात असती तर मीही असंच बोलले असते.

मंगळवार, २९ जुलै

मिसबाने स्कूटरवरून हडपसरच्या शाळेत सोडलं आणि ती ऑफिसला गेली. प्रेमलाबाई फाटकात उभ्या होत्या. शाळा तेव्हा जिल्हा परिषदेची होती, आता महापालिकेची आहे. मुख्याध्यापिका तरुण आहेत. पेटी उघडून त्यांनी १९८१ चं रजिस्टर आमच्यापुढे ठेवलं.

पहिलीत त्रेचाळीस मुलं. मी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. सदतीस जणांची जन्मतारीख एक जून.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "म्हणून तर एकतीस मेला सरकारी कचेऱ्या ओस पडतात. सगळे एका दिवशी निवृत्त. त्या दिवशी हार मिळत नाहीत."

बाविसाव्या ओळीवर प्रेमला ज्ञानोबा हरपळे. लग्नाआधीचं नाव. प्रेमलाबाईंना दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग खालच्या नावांवर बोट फिरवत म्हणाल्या, "ही सुभद्रा. ही मेली. हा तुक्या, आता नगरसेवकाचा डायवर हाय. हिला म्या ढकललं व्हतं पान्यात." त्यांना वाचता येतं हे मी धरूनच चालले नव्हते. पाचवीपर्यंत शिकल्यात. माझ्याहून एक इयत्ता जास्त.

त्या पानाची शिक्क्याची नक्कल घेतली. तारखेचं उत्तर मिळालं. रंगरावांचं अजून नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

फार चालणं झालं, तरी लिहून ठेवते.

बाईंना फरक न पडणारा कागद हवा होता. काल माझ्या लक्षात आलं. २०१७ ला जो रंगराव कोर्टात हजर राहिला, तो बाप असो की नवरा, जिवंत होता. प्रेमलाबाईंचे मालक तेव्हा नव्हते. पण त्यांचा मृत्यूचा दाखला प्रेमलाबाईंनी निराधार पेन्शनच्या अर्जाला मूळचाच जोडला. झेरॉक्स ठेवली नाही. पेन्शनही मिळाली नाही.

क्षेत्रीय कार्यालयातल्या कारकुनाने तारीख विचारली. प्रेमलाबाई म्हणाल्या, "वटपुनवंच्या आदल्या दिशी."

"मावशी, इंग्रजी तारीख सांगा. साल तरी?"

"साल दोन हजार नऊ. दुसऱ्या दिशी गल्लीतल्या बाया नटूनथटून वडाला निघाल्या आनि म्या घरात. ते कसं इसरंल?"

मी वासंतीबाईंना फोन केला. खटल्यांच्या मुदती मोजायला लागतात म्हणून त्यांच्या माळ्यावर जुनी कॅलेंडरं बांधून ठेवलेली आहेत. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला, "वटपौर्णिमा सात जून. म्हणजे सहा. खोकला होतोय मला धुळीने, सापडलं नाही तर दवाखान्याचं तुम्ही बघा."

संगणकात सहा तारखेला काही निघालं नाही. कारकून म्हणाला, नोंदच नाही. मी म्हणाले, रजिस्टर दाखवा. मेलेल्याची नोंद कुणी त्याच दिवशी करायला येत नाही, एकवीस दिवसांची मुदत असते. त्याने कंटाळून रजिस्टर आणलं. सहा जूनपासून पुढे वाचत गेले. एक पान सुटून लोंबत होतं. पाठ बघितली, खळ भरमसाट लावलेली आणि टाके लांब लांब. मिसबाच्या अब्बांचं काम नव्हतं ते. त्यांनी शिवलेल्या रजिस्टरचं पान सुटत नाही.

नोंद चोवीस जूनची निघाली. शेवाळे रंगराव, वय ४१, मृत्यू ६ जून २००९, राहते घरी. खबर देणाऱ्याच्या रकान्यात: प्रेमला, पत्नी. खाली तिची सही, अक्षर सुटं सुटं.

तिनं सहीवर हात ठेवला. "म्या चालत आले व्हते त्या दिवशी," म्हणाली. "कुनी संगं न्हवतं."

मी म्हणाले, "मीही एकटीच गेले होते." मग आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो.

सोमवार, ४ ऑगस्ट

बापूराव स्वतः आले. शाळेचं पान, निकालाचं नववं पान, मृत्यूची नोंद, तिन्ही कागद त्यांनी बारकाईने वाचले.

"सदतीस जणांची तारीख एकच? हे काय गौडबंगाल?"

वासंतीबाई म्हणाल्या, "बापूराव, तुमच्या घरी पोर जन्मलं की घड्याळ बघून पत्रिका मांडतात. सगळ्यांच्या घरी घड्याळ नव्हतं."

मृत्यूची नोंद बापूरावांनी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "ठीक. म्हणजे ती बाई वेगळी, ही वेगळी. मग पहिला अहवाल फाडून टाकू, विषय संपला."

"फाडू नका," मी म्हणाले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी सहसा पडत नाही. "दुसरा अहवाल त्याच्या पाठीशी शिवा. पहिला फाडला तर उद्या कुणी म्हणेल, काहीतरी होतं म्हणून फाडला. आणि चूक कुणाची तेही त्यात राहू द्या."

शेवटचा परिच्छेद मी सांगितला, बाईंनी टाइप केला. "पहिल्या अहवालातील चूक माझी आहे. जन्मतारखेवर विसंबून मी निकालाचे एकच पान वाचले आणि संबंधित बाईंना काहीही विचारले नाही. शकीला अय्युब मणियार." त्याखाली मी सही केली, मग बाईंनी.

"या ऑफिसातून चूक कबूल केल्याचा कागद पहिल्यांदाच जातोय," बाई म्हणाल्या. "टायपिंग बरं आलंय."

अहवालावर माझं पूर्ण नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. लाज वाटली. पण त्या कागदातली ओळ न् ओळ मी स्वतः जाऊन, बघून लिहिली आहे. लाज सरल्यावर जे उरलं ते अजून उतरलेलं नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

बापूरावांचा निरोप नाही. विश्वस्तांची सभा व्हायची आहे म्हणे.

प्रेमलाबाईंचा फोन आला. पहिल्या कागदाची बातमी फिरत फिरत त्या घरकाम करतात त्या हडपसरच्या सोसायटीत गेली आणि तिथल्या बायकांनी दोन घरची कामं बंद केली. मी नवा अहवाल घेऊन स्वतः गेले. एका घरात दार उघडलं नाही. दुसऱ्या घरातल्या सूनबाईंनी सगळा वाचला आणि म्हणाल्या, "आता आम्ही दुसरी ठेवली हो." त्या गोड बोलल्या.

खोटं लिहायला मला अर्धा तास लागला होता.

रविवार, १७ ऑगस्ट

प्रेमलाबाई घरी आल्या, पहिल्यांदाच. मिसबाने चहा केला. सभेत ठराव झाला. बापूरावांनी त्यांना बोलावून सांगितलं, उद्यापासून या.

"म्या म्हनलं, उद्या न्हाई जमायचं," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"अहो, का?" मी घाबरलेच.

"आदी त्या सोसायटीत तुमी स्वता फोन करा म्हनलं. चोर म्हनून तुमच्याकडनं बातमी गेली, न्हाई म्हनूनबी तुमच्याकडनंच जाऊ द्या. मग येते."

मिसबा म्हणाली, "मावशी, यू आर टू गुड. मग? केला त्यांनी?"

"माज्यासमोर केला. घाम पुसत व्हते."

बुधवार, १० सप्टेंबर

वासंतीबाईंनी वसतिगृहाचा नवा करारनामा सहीसाठी देऊन मला कोथरूडला पाठवलं. फाटकाशी टेबल, टेबलावर रजिस्टर आणि खुर्चीत प्रेमलाबाई, इस्त्रीची साडी नेसलेल्या. मला बघून ओळखीचं हसल्या. मी आत जायला निघाले तर त्यांनी टेबल ठोकलं.

"आपा, नाव लिवा. ओळखपत्र दावा."

"अहो, मीच आहे."

"तुमी हाय ते मला दिसतंय. नियम हाय."

मी आधार कार्ड दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. नाव वाचलं. मग कार्ड उलटून मागचा पत्ता सगळा वाचला, ओठ हलवत, पिनकोडपर्यंत. काम काय, कुणाकडे, हे विचारलं. मग रेक्टरबाईंना फोन लावला, त्या जेवायला गेल्या होत्या.

"बसा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "त्यांनी हो म्हनल्याबिगर न्हाई सोडता यायचं. वर पोरी हायेत."

दोन मुली बाहेर निघाल्या. त्यांनाही थांबवून वेळ लिहायला लावली. एक कुरकुरली, "मावशी, रोज काय?" तर म्हणाल्या, "रोज."

मी बाकावर वीस मिनिटं बसले. ऊन पायांवर येत होतं. घरी परतायला उशीर होणार होता, पण उठावंसं वाटलं नाही. बाई कामाची आहे.